चिंतावार: चिंता, चिंच आणि एक आदराचा प्रत्यय

नांदेडचा एखादा चिंतावार नोकरीसाठी पुण्यात गेला की त्याच्या वाट्याला दोन प्रश्न येतात. पहिला गमतीचा: 'चिंतावार? म्हणजे सारखी चिंता करणारे का?' दुसरा जरा गंभीर: 'मग तुम्ही मूळचे मराठी नाहीच ना?' माझा पीएचडीचा विषय नांदेड-लातूर पट्ट्यातली आडनावं हा आहे, त्यामुळे मला हे दोन्ही प्रश्न कामाचे वाटतात. पहिल्यात आडनावाचा अर्थ परस्पर लावून टाकलेला असतो. दुसऱ्यात त्या अर्थावरून माणूस आपला की बाहेरचा हे ठरवलेलं असतं. आज या एका आडनावाच्या निमित्तानं, आडनावांचे अर्थ सांगण्याच्या आपल्या एकूण पद्धतीवर मला थोडी टीका करायची आहे.

माझं म्हणणं थोडक्यात असं. आडनाव समोर आलं की आपण त्याचा पहिला तुकडा उचलतो, ओळखीच्या भाषेतला एखादा शब्द त्याला जुळवतो आणि तिथंच थांबतो. आडनावाचा शेवट, आजूबाजूची आडनावं आणि नकाशा या तीन गोष्टी पाहायच्या राहून जातात. नेमकं सगळं त्यातच असतं.

आधी शेवट बघा

मराठी माणसाला 'वार' म्हटलं की चार गोष्टी आठवतात. सोमवार-मंगळवारातला वार, तलवारीचा वार, कापड मोजायचा वार (ज्याच्यावरून आपण नऊवारी म्हणतो), आणि उमेदवार, तपशीलवार या शब्दांतला फारसी 'वार'. यातला कुठलाही घ्या, आडनावाची गोष्ट तयार होते. तलवारीचा घेतला की घराणं लढवय्यं ठरतं, कापडाचा घेतला की व्यापारी. अडचण हीच आहे की चारही गोष्टी सारख्याच छान जमतात. मग त्यातली खरी कोणती, हे तपासायचं कशावरून?

आता तेलुगूच्या बाजूनं बघा. तेलुगूत आडनावाला 'इंटिपेरु' म्हणतात. 'इल्लु' म्हणजे घर, 'पेरु' म्हणजे नाव. इंटिपेरु म्हणजे घराचं नाव. ते व्यक्तीच्या नावाआधी येतं. पी. व्ही. नरसिंह राव यांच्या नावातला 'पी' म्हणजे पामुलपर्ती, आणि एन. टी. रामाराव यांच्यातला 'एन' म्हणजे नंदमुरी. या घराच्या नावापुढं 'वारु' लावलं की त्या घरातल्या मंडळींचा आदरानं केलेला उल्लेख होतो. 'चिंता वारु' म्हणजे चिंता घराण्यातले लोक. 'चिंता वारि अब्बायि' म्हणजे त्या घरातला मुलगा. आपण 'देशमुखांकडची मंडळी' किंवा 'पाटलांचा पोरगा' म्हणतो ना, अगदी तसंच.

तेलुगू शब्द बहुधा स्वरानं संपतात. आपला 'राव' तिकडं गेला की 'रावु' होतो. उलट्या वाटेनं 'वारु' इकडं आला की त्याचा शेवटचा 'उ' गळतो आणि 'वार' उरतो. मराठीत आडनाव शेवटी लिहायची रीत असल्यामुळे 'चिंता वारु' हे सगळंच एकत्र होऊन नावाच्या मागं जाऊन बसलं.

म्हणजे 'वार' मध्ये ना दिवस आहे, ना तलवार. ते तेलुगू व्याकरणातलं आदरार्थी अनेकवचन आहे. आणि हे तपासता येतं. 'वार' चा संबंध लढाईशी किंवा कापडाशी असता तर अशी आडनावं साताऱ्यात, नाशिकात, रत्नागिरीतही तशीच पिकली असती. ती दाट सापडतात ती नांदेड, यवतमाळ, चंद्रपूर, गडचिरोली या पट्ट्यात, म्हणजे तेलुगू मुलखाला लागून असलेल्या जिल्ह्यांत. १९६२-६३ मध्ये महाराष्ट्राचे मुख्यमंत्री असलेले मारोतराव कन्नमवार चंद्रपूरचे. मुनगंटीवार आणि वडेट्टीवार ही राजकारणातली दोन परिचित आडनावंही तिकडचीच. चिंतावार हे आडनाव एकटं पाहिलं तर विचित्र वाटतं. या ओळीत उभं केलं की त्यातलं विचित्रपण निघून जातं.

मग चिंतेचं काय?

शेवट सुटला, आता सुरुवात. तेलुगूत 'चिंत' म्हणजे चिंच. 'चिंत चेट्टु' म्हणजे चिंचेचं झाड.

इथं तुम्ही मला अडवायला हवं. तेलुगूतही 'चिंता' म्हणजे काळजी हा संस्कृतातून आलेला शब्द आहेच की! मग झाड का धरायचं आणि काळजी का सोडायची? रास्त प्रश्न आहे, आणि त्याचं उत्तर एकट्या शब्दात मिळत नाही. ते शेजाऱ्यांत मिळतं.

इंटिपेरु फार वेळा गावावरून किंवा झाडावरून पडतात. 'मामिडी' म्हणजे आंबा, 'रावी' म्हणजे पिंपळ, 'ताटी' म्हणजे ताड, 'वेमु' म्हणजे कडुनिंब, त्यावरून वेमुला. ही सगळी तेलुगू घराण्यांची नावं आहेत. 'चिंता' याच रांगेत बसतं. तिरुपतीचे माजी खासदार चिंता मोहन यांच्या नावातलं 'चिंता' हे असंच घराचं नाव. चिंतपल्लीसारखी गावंही तिकडं आहेत, आणि गावाला कुणी काळजीवरून नाव ठेवत नाही. झाडावरून गावाला आणि गावावरून घराला नाव पडलं असेल, नाहीतर थेट दारातल्या झाडावरून घराला. दोन्ही वाटा चिंचेपाशीच पोचतात.

शिवाय नांदेडातच पुरावा आहे. इथं चिंतावारांच्या जोडीला मामीडवार आहेत. मामीडवार म्हणजे आंब्याच्या घरचे. येरावार यातल्या 'एर्र' चा अर्थ लाल, कोत्तावार यातल्या 'कोत्त' चा अर्थ नवा. ही आडनावं एकमेकांचा अर्थ सांगतात. एका आडनावाची व्युत्पत्ती शेजारच्या चार आडनावांना लागू पडत नसेल तर तिच्याकडं संशयानं बघावं, असा मी स्वतःपुरता नियम केलाय.

आता गंमत बघा. मराठवाड्यात चिंचोली नावाची गावं जागोजागी आहेत, आणि त्यांच्यावरून पडलेलं चिंचोलीकर हे आडनाव कुणालाच परकं वाटत नाही. चिंचोलीकर आणि चिंतावार ही एकाच झाडाची दोन आडनावं आहेत. एकानं गाव धरलं आणि मराठी 'कर' लावला. दुसऱ्यानं घर धरलं आणि तेलुगू 'वारु' लावला. तरी पुण्यात एकाला काही विचारत नाहीत आणि दुसऱ्याला मूळ विचारतात.

टीका कुणावर?

पहिली टीका कुलवृत्तांतांच्या साच्यावर. मूळपुरुष, मूळगाव, गोत्र, कुलदैवत, मग शाखा, असा तो साचा. हे ग्रंथ लोकांनी खूप कष्टानं, पदरमोड करून तयार केलेत, आणि वंशावळी जपण्याचं त्यांचं काम मोलाचं आहे. पण 'एक आडनाव म्हणजे एक घराणं' हे त्यात आधीच गृहीत धरलेलं असतं. इंटिपेरुंना हे लागू होत नाही. एकच इंटिपेरु वेगवेगळ्या गावांत, वेगवेगळ्या जातींत सापडतो. चिंचेची झाडं काय एकाच गावात होती? तिरुपतीचे चिंता आणि नांदेडचे चिंतावार यांचा एक मूळपुरुष शोधायला निघालं तर तो सापडणार नाही, आणि सापडला तर तो बहुधा आपणच घडवलेला असेल.

दुसरी टीका इतिहासाचार्य राजवाड्यांच्या वाटेवर. आपल्याकडं गावांच्या आणि माणसांच्या नावांकडं इतिहासाचं साधन म्हणून बघायला त्यांनी शिकवलं, हे ऋण मोठं आहे. 'महाराष्ट्राचा वसाहतकाल' मध्ये त्यांनी गावांच्या नावांवरून वसाहतीचा इतिहास लावायचा प्रयत्न केला. त्यांच्या नावाचा नामादिशब्दव्युत्पत्तिकोशही आहे. पण त्यांची नजर सतत संस्कृताकडं लागलेली. नाव कुठलंही असो, खणत गेलं की खाली संस्कृत रूप लागणार, ही त्यांची खात्री होती. आजही आडनावांचे अर्थ सांगणारे बहुतेक लोक, राजवाडे न वाचताही, याच वाटेनं चालतात. या वाटेनं 'चिंता' सरळ संस्कृत ठरतो आणि काम संपतं. चिंच दिसतच नाही.

तिसरी टीका उलट्या टोकावर. विश्वनाथ खैरे यांचं 'द्रविड महाराष्ट्र' १९७७ साली आलं. मराठीच्या घडणीत तमिळचा वाटा किती, हा प्रश्न त्यांनी धीटपणे मांडला. तो मांडायलाच हवा होता. पण ध्वनी जुळला की अर्थ जुळवायचा, ही सवय त्यांच्या मागून जाणाऱ्यांनाही लागली. संस्कृताच्या जागी तमिळ ठेवलं म्हणून पद्धत बदलत नाही. नांदेडच्या आडनावांना तर तमिळपर्यंत जायची गरजच नाही. धर्माबादेतून, देगलूरातून थोडं पुढं गेलं की तेलुगू मुलूख सुरू होतो. जवळचं दार उघडं असताना लांबून वळसा कशाला?

लातूरकडची तऱ्हा

हा प्रश्न फक्त 'वार' चा नाही. लातूरकडं आलात तर तेलुगूच्या जागी कन्नड येतं आणि खूण आडनावाच्या मधोमध लपते. लातूर, चाकूर, देगलूर या नावांतला 'ऊर' म्हणजे गाव. कन्नड, तेलुगू, तमिळ या सगळ्यांत तो आहे. राष्ट्रकूट राजे स्वतःला 'लट्टलूर' नगरीचे स्वामी म्हणवून घेत, आणि ते लट्टलूर म्हणजे आपलं लातूर असं मानलं जातं.

या गावांना मराठीनं आपला 'कर' जोडला. लोकसभेचे अध्यक्ष राहिलेले शिवराज पाटील चाकूरकर, मूर्तिशास्त्राचे अभ्यासक गो. बं. देगलूरकर: ही आडनावं तुम्ही अस्सल मराठी म्हणूनच ऐकता, आणि ती आहेतही. पण फोडून बघा. चाकूरकर यात द्राविडी 'ऊर' आहे आणि त्याच्यावर मराठी 'कर'. हैदराबाद मुक्तिसंग्रामाचे नेते स्वामी रामानंद तीर्थ यांचं मूळ नाव व्यंकटेश खेडगीकर, आणि जन्म आजच्या कर्नाटकातल्या सिंदगीचा. मराठवाड्यानं त्यांना आपलं मानलं, नांदेडच्या विद्यापीठाला त्यांचं नाव दिलं. तिथं कुणी 'मूळचे कुठले' असं विचारत बसलं नाही.

फरक एवढाच की 'कर' शेवटी आला की मराठी कान निश्चिंत होतो. तोच शेवट 'वार' झाला की सावध होतो. दोन्ही आडनावांत दोन भाषा आहेत. फक्त कुठली भाषा शेवटी उभी आहे, एवढ्यावर आपण माणसाला आत घेतो किंवा दारात थांबवतो.

रेघ नंतर आली

'मूळचे कुठले?' या प्रश्नात आणखी एक गफलत आहे. त्यात गृहीत असं की आजची राज्याची सीमा आधीपासून होती आणि चिंतावार ती ओलांडून आले. नकाशा वेगळं सांगतो.

१ नोव्हेंबर १९५६ पर्यंत हे सगळं हैदराबाद राज्य होतं. राज्य पुनर्रचनेत नांदेड जिल्हा मुंबई राज्यात आला, पण सगळा नाही. देगलूर तालुक्यातली बिचकुंदा आणि जुक्कल ही सर्कलं, आणि मुधोळ तालुक्यातली मुधोळ, भैंसा, कुबीर ही सर्कलं आंध्र प्रदेशात गेली. आज ती तेलंगणात आहेत. उलट आदिलाबाद जिल्ह्यातला किनवट तालुका इकडं आला. लातूरकडचे उदगीर, अहमदपूर आणि निलंगा हे तालुके तोवर बीदर जिल्ह्यात होते. तेही इकडं आले. लातूर हा स्वतंत्र जिल्हा तर १६ ऑगस्ट १९८२ ला झाला.

म्हणजे १९५६ च्या ऑक्टोबरात भैंशाचा माणूस आणि नांदेडचा माणूस एकाच जिल्ह्याचे होते. पुढच्या महिन्यात ते दोन राज्यांचे झाले. त्या घरांतल्या लोकांनी एक पाऊलही हलवलं नव्हतं, रेघ त्यांच्यामधून गेली. अशा घरात बाजाराची भाषा मराठी, आजीची भाषा तेलुगू आणि कचेरीची भाषा उर्दू असणं यात नवल काहीच नव्हतं.

उर्दूचा मुद्दा लक्षात ठेवा. हैदराबाद राज्याचा कारभार १८८४ पासून फारसीऐवजी उर्दूत चालू लागला. उर्दू लिपीत ऱ्हस्व स्वर सहसा लिहीत नाहीत, 'ळ' आणि 'ण' यांना स्वतंत्र अक्षरं नाहीत, आणि एकच 'वाव' व, ऊ, ओ या तिन्हींसाठी चालतो. तेलुगू नाव, मराठी माणसानं सांगितलेलं, उर्दूत लिहिलेलं, आणि १९५६ नंतर कुणीतरी पुन्हा देवनागरीत उतरवलेलं. एकाच घरातल्या दोन भावांचं आडनाव कागदावर मामीडवार आणि ममिडवार असं निराळं दिसलं तर त्यात घराण्याचं कुठलं गूढ शोधू नका.

वार आणि वाड

आता जरा अवघड भाग. नांदेड जिल्ह्यात 'वार' सोबत 'वाड' नं संपणारी आडनावंही बरीच आहेत, उदाहरणार्थ मेकलवाड. तेलुगूत 'मेक' म्हणजे शेळी, 'मेकल' म्हणजे शेळ्यांचा. आणि 'वाडु' म्हणजे 'तो', एकेरीतला. 'वारु' म्हणजे 'ते', आदरातले.

हा फरक तेलुगू व्याकरणाच्या कुठल्याही प्राथमिक पुस्तकात सापडतो. तो या आडनावांवर ठेवून बघितला की माझं वाचन असं होतं: गावात ज्या घराचा उल्लेख 'ते लोक' असा व्हायचा त्याचं 'वार' झालं, आणि ज्याचा 'तो' असा व्हायचा त्याचं 'वाड'. नाव लिहून घेणाऱ्यानं जे कानावर पडलं ते लिहिलं. बोलण्यातला मान-अपमान असा कागदावर गेला आणि पिढ्यान्‌पिढ्या टिकला. गंमत म्हणजे मराठी कानाला यातलं काहीच ऐकू येत नाही. आपल्याला 'वाड' मध्ये वाडा ऐकू येतो, उलट जरा भारदस्तच वाटतं!

म्हणून आडनावाचा अर्थ सांगताना 'चिंच' आणि 'शेळी' एवढ्यावर थांबणं मला अपुरं वाटतं. नाव कशावरून पडलं हे एक. ते कोण कुणाला, कुठल्या सुरात म्हणत होतं, हे दुसरं; आणि समाजाचा इतिहास त्या दुसऱ्यात आहे.

पण आडनाव म्हणजे दाखला नव्हे

लगेच एक इशारा. वरचं वाचून 'वार म्हणजे ही जात, वाड म्हणजे ती' असं कोष्टक करायचा मोह होईल. कृपा करून करू नका. 'वारु' तेलुगूत कुणालाही लागतो. महाराष्ट्राच्या अनुसूचित जमातींच्या यादीत 'कोलाम, मन्नेरवारलू' अशी नोंद आहे. त्यातला 'वारलू' याच 'वारु' च्या कुळातला. व्यापारी घराला लागलेला शब्द आणि जमातीच्या नावातला शब्द व्याकरणानं एकच. त्यावरून दोघांची जात एक ठरत नाही आणि वेगळीही ठरत नाही.

हे इथं सांगायचं कारण, या पट्ट्यात जात पडताळणी हा रोजच्या जगण्याचा प्रश्न आहे. पोरांचे प्रवेश, नोकऱ्या त्यावर अडतात. सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठानं २००० साली 'महाराष्ट्र राज्य विरुद्ध मिलिंद' या हलबा-कोष्टी प्रकरणात स्पष्ट केलं की यादीतली नोंद जशी आहे तशीच वाचायची. मिळतंजुळतं नाव तिच्यात ओढून घेता येणार नाही. पडताळणीत वजन असतं ते जुन्या नोंदींना. आणि आपल्याकडच्या जुन्या नोंदी बऱ्याचशा उर्दूत आहेत, काही मोडीत. २०२३ मध्ये न्यायमूर्ती संदीप शिंदे समितीनं मराठवाड्यात कुणबी नोंदी शोधायला घेतल्या तेव्हा या लिप्या वाचणाऱ्या माणसांची किंमत सगळ्यांना कळली. एका 'वाव' चं वाचन बदललं की नाव बदलतं. नावावरून गोष्ट रचणारे लोक आपल्याकडं भरपूर आहेत. नाव नीट वाचू शकणारे फार थोडे.

तुमच्या आडनावाकडं कसं बघाल?

तुमचं आडनाव दुर्मीळ असेल, त्याचा अर्थ घरात कुणालाच माहीत नसेल, तर या क्रमानं जा. आधी शेवट तोडून बाजूला ठेवा: कर, वार, वाड, जे असेल ते. तो शेवट कुठल्या भाषेत अर्थ देतो ते बघा. मग त्याच शेवटाची आजूबाजूच्या गावांतली दहा आडनावं लिहून काढा आणि तुमचा अर्थ त्यांना लागतो का तपासा. मग १९५६ च्या आधीचा नकाशा समोर ठेवा. आणि घरात जुना सातबारा, खरेदीखत, शाळेचा दाखला असेल तर त्यातलं आडनाव जसं लिहिलंय तसंच उतरवून घ्या, दुरुस्त न करता. घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसाला ते नाव उच्चारायला सांगा आणि नीट ऐका. कागदावर गळालेला 'उ' कधी कधी आजीच्या तोंडी अजून असतो.

आणि पुण्यातल्या त्या दोन प्रश्नांना उत्तर द्यायचंच असेल तर सरळ द्या. चिंतावार म्हणजे चिंचेच्या घरची मंडळी. मूळचे नांदेडचे.